नाताळातली ‘डिनर ट्रेन’: जावं की राहू द्यावं?

रत्नांगी
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

येत्या २५ डिसेंबरला माझ्या सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. आम्ही राहतो रत्नागिरीत. हॉल घेऊन चारशे माणसांची पंगत उठवायची दोघांचीही इच्छा नाही. मुलांना नाताळची सुट्टी आहे, नणंद डोंबिवलीहून येतेय. म्हणून सगळ्यांनी मिळून काहीतरी वेगळं करावं असं ठरलं आणि नेमकं त्याच आठवड्यात व्हॉट्सअॅपवर एका सहल कंपनीचं पत्रक आलं.

पत्रकात असं आहे: ‘नाताळ स्पेशल डिनर ट्रेन. काचेच्या छताखाली, ताऱ्यांच्या साक्षीने, अस्सल कोकणी जेवण.’ सकाळी वंदे भारतने रत्नागिरीहून निघायचं, दुपारी सव्वाच्या आसपास मडगाव. तिथे ‘मुक्त वेळ’. परतीच्या गाडीत डिनर. संध्याकाळी पावणेसहाला रत्नागिरीत घरी. माणशी ६,५००. आम्ही सात जण, म्हणजे ४५,५००. फोटो मात्र फार सुरेख आहे. पांढरे टेबलक्लॉथ, उंच ग्लास, मेणबत्त्या.

नवरा म्हणतो पैसे पाण्यात. नणंद म्हणते, हौसेला मोल नसतं, अर्धे मी देते. कोणी असं काही केलंय का? एवढे पैसे घालावेत का?

खेकडा_२२
पावणेसहाला घरी, आणि डिनर ताऱ्यांच्या साक्षीने? डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहा वाजून गेल्यावर बुडतो. हे तारे बहुतेक बिल बघून डोळ्यांसमोर चमकतात तेच.

आमसूल
मी उलटं सांगते. जा. पन्नास वर्षं एकदाच होतात. आमच्या आई-बाबांचं असंच पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहिलं आणि बाबा गेले. जेवण कसं होतं हे सहा महिन्यांनी कोणाला आठवत नाही, सगळे मिळून गेलो होतो हे आठवतं.

खेकडा_२२
आमसूलताई, भावना पोचल्या. पण दुपारी चारला जेवायला घातलं तर तेही आठवेल हो. पन्नास वर्षं आठवेल.

रुळावरचा
जरा सविस्तर लिहितो, कारण या पत्रकात तीन वेगवेगळ्या गाड्यांची खिचडी झालीय.

एक. वंदे भारतला काचेचं छत नसतं. खिडक्या मोठ्या आहेत, खुर्च्या चांगल्या आहेत, पण वर पत्रा तो पत्राच. काचेच्या छताचा डबा म्हणजे विस्टाडोम. तो आपल्या मार्गावर २०१७ साली जनशताब्दीला लागला, पुढे २०२२ मध्ये तेजसलाही लागला. त्यात खुर्ची खिडकीकडे फिरवता येते आणि मागे काचेची गॅलरी असते. दिवसा उत्तम. पण रात्री आतले दिवे लागले की काचेत आपलंच तोंड दिसतं.

दोन. पांढरे टेबलक्लॉथ फक्त डेक्कन ओडिसीसारख्या गाडीत. ती राजेशाही गाडी, आठवडाभराची सहल, दर परदेशी पाहुण्यांच्या खिशाचे. २००४ ला सुरू झाली, करोनात बंद पडली, २०२३ मध्ये परत धावायला लागली. तिचा आणि या पत्रकाचा काही संबंध नाही.

तीन. वंदे भारत मडगावला दुपारी एक-सव्वाला पोचते आणि तीच गाडी दीड तासाने परत फिरते. तो दीड तास म्हणजे तुमचा ‘मुक्त वेळ’. मडगाव स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याशी घासाघीस करण्यात अर्धा तास जातो. रत्नागिरीला परत साडेपाच-पावणेसहा. या गाडीचं रात्रीचं जेवण खरं तर पुढे मुंबईपर्यंत जाणाऱ्यांना वाढतात. तुमच्या वाट्याला फार तर चहा आणि खाण्याचा पुडा. आणि हे सगळं तिकिटातच धरलेलं असतं. जाऊन-येऊन चेअर कारचं भाडं खाण्यासकट काढलंत तर ६,५०० च्या निम्म्याहून कमी येईल. उरलेले पैसे मेणबत्त्यांच्या फोटोचे.

आत्ता नेटवर वेळा बघत असाल तर सांभाळून. अजून पावसाळी वेळापत्रक चालू आहे, त्यात गाड्या हळू धावतात आणि वंदे भारत आठवड्यातून तीनच दिवस असते. डिसेंबरचं गणित वेगळं.

रत्नांगी
बाई गं. मी त्या मुलाला फोन केला आत्ताच. म्हटलं, डिनर नक्की किती वाजता? म्हणाला, ‘मॅडम, साधारण चारला सर्व्ह होईल.’ म्हटलं, चारला कोण डिनर करतं? तर म्हणतो, ‘मग पॅक करून देऊ, घरी जाऊन निवांत जेवा.’

सासरे मागे खुर्चीत बसून ऐकत होते. म्हणाले, ‘मग गाडी कशाला? घरीच जेवतोय तर.’

झारापकर
हसून हसून पुरेवाट!! अगो बाय, तुका जेवान नको, जेवनाचो फोटो मिळतलो. तो मात्र गरम असतलो.

सान_होजे_वासी
खऱ्या डिनर ट्रेनचा अनुभव आहे म्हणून लिहितो. इथे कॅलिफोर्नियात नापा व्हॅली वाइन ट्रेन आहे, १९८९ पासून चालते. नापाहून सेंट हेलेनापर्यंत जाऊन परत, साधारण ३६ मैल, तीन तास. डबे जुने, १९१५ च्या सुमाराचे पुलमनचे, आतून महोगनी लाकूड. स्वयंपाक गाडीतच होतो. नाताळात सांताक्लॉजवाली फेरीही असते, मुलांना कोको वगैरे.

आम्ही गेलो तेव्हा आई-बाबा भारतातून आले होते. बाहेर द्राक्षांचे मळे, गाडी एवढी हळू की शेजारून सायकलवाला पुढे जावा. जेवण चांगलं होतं, पण बाबा शाकाहारी. त्यांच्यापुढे एका मोठ्या ताटात भोपळ्याचे चार तुकडे आणि वर एक पान आलं. बाबांनी ते पान उचलून खाली बघितलं, काही लपवलंय का म्हणून. बिल आल्यावर मी ते उलटं ठेवलं.

तरी सांगू का, पैसे गेल्याचं वाईट वाटलं नाही. कारण त्या गाडीला कुठे पोचायचं नसतं, ती जेवायलाच निघते. तुमच्या पत्रकातली गाडी मुंबईला पोचायला निघालीय. तिला तुमच्या जेवणाचं काय पडलंय?

आमसूल
‘वर एक पान आलं’ :) :)
आणि शेवटचा परिच्छेद पटला. माझं मत अर्धं बदललं.

माजी_चाकरमानी
सगळे नाकं मुरडताय म्हणून दुसरी बाजू.

मी वीस वर्षं गणपतीला गावी आलो ते दिव्याहून पॅसेंजरने, एका पायावर. संडासाच्या दारात ट्रंकेवर बसून आलोय, मांडीवर दुसऱ्याचं पोर घेऊन. कोणी पाणी प्यायला उठला तर परत येईपर्यंत त्याच्या जागी दोघे. गेल्या वर्षी मुलाने पहिल्यांदा वंदे भारतचं तिकीट काढून दिलं. खुर्चीत बसलो, समोर फळी उघडली, पोराने ट्रे आणून ठेवला आणि ‘काका, अजून काही?’ असं विचारलं. त्यात उपमा होता की शिरा, आठवत नाही. पण कोकण रेल्वेत मला कोणी ‘अजून काही?’ असं विचारलं, हेच मला डिनर होतं.

तेव्हा म्हाताऱ्या माणसांना हे आवडणार नाही असं तुम्ही ठरवू नका. फक्त तिकीट स्वतः काढा, दलालाकडून नको.

रुळावरचा
चाकरमानीसाहेब, दंडवत. यावर वाद नाही.

बंदरावरची
ट्रेनच हवी असं कुठे आहे? जयगडहून तवसाळला फेरीबोट जाते. गाडीसकट चढायचं. संध्याकाळची फेरी पकडा, शास्त्रीच्या खाडीत सूर्य उतरताना दिसतो. आम्ही दिरांच्या वाढदिवसाला हेच केलं. घरून डबा नेला होता: तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, सोलकढी बाटलीत. पलीकडे उतरून किनाऱ्यावर चादर टाकून जेवलो. सोलकढीच्या बाटलीचं झाकण नीट लागलं नव्हतं, ती जावेच्या पिशवीत सांडली. अजून त्या पिशवीला कोकमाचा वास येतो.

खर्च: फेरीचं तिकीट आणि एक पिशवी.

अलिबागचा_पांढरा_कांदा
अवांतर होतंय, पण ४५ हजारात आमच्याकडे या, हंगामात पोपटी घालतो. मडक्याच्या तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा-मीठ लावलेलं चिकन, अंडी, बटाटे. वरून परत पाला कोंबून तोंड बंद. पाण्याचा थेंब नाही. मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा-लाकडं लावून पेटवायचं. अर्ध्या-पाऊण तासाने उघडलं की वासानेच शेजारच्या शेतातले पाहुणे येतात.

खेकडा_२२
ओवा कधी घालता, शेंगांना लावून की थर देताना?

अलिबागचा_पांढरा_कांदा
शेंगांना मिठाबरोबर चोळूनच. आणि भांबुर्डी नाही मिळाली तर पोपटी करूच नका, उगाच केळीचं पान लावून फोटो टाकणारे बरेच झालेत.

झारापकर
फोटोवाल्यांचो धागो वेगळो काढा रे. हयसर सासूबाईंच्या लग्नाचा चल्लाहा.

चिपळूणकरीण
मूळ प्रश्नाकडे येते. मी माझ्या आईला (७४, दोन्ही गुडघे, मधुमेह) घेऊन गेल्या हिवाळ्यात एका महागड्या गाडीने गेले होते, म्हणून अनुभवाचे बोल.

जेवणाची चव हा शेवटचा प्रश्न. पहिला प्रश्न जिना. गाडी पलीकडच्या फलाटावर आली तर पूल चढायचा, आणि परतताना पुन्हा. रत्नागिरी, मडगाव मोठी स्टेशनं आहेत, तरी लिफ्ट चालू आहे का ते आधी कोणाला तरी पाठवून बघा. दुसरा प्रश्न वेळ. आईला रात्री साडेसातला जेवण लागतं, गोळी त्याच्या आधी. आमचा ट्रे पावणेनऊला आला. तोवर तिने माझ्या पर्समधली दोन बिस्किटं, नातवाचं अर्धं चिक्कीचं पाकीट आणि शेजारच्या बाईंनी दिलेली खाजाची पुडी संपवली होती. ट्रेमधलं पनीर बघून म्हणाली, ‘हे तू खा, मला आता भूक नाही.’ साखर तपासली तर काय आकडा आला ते लिहीत नाही, डॉक्टर हा धागा वाचत असतील.

या बंद गाड्यांत अन्न शिजत नाही हेही लक्षात घ्या. बाहेरच्या स्वयंपाकघरात बनतं, भरून येतं, गाडीत फक्त गरम होतं. गरम झालं तर. अस्सल कोकणी जेवण, वडे-सागोती वगैरे, असं कोणी कबूल करत असेल तर ते येणार कुठून, हे त्याला विचारा. वडा तळल्यावर दहा मिनिटांत खायची गोष्ट आहे. नंतर त्याने चप्पल शिवावी.

त्यापेक्षा मांडवी एक्सप्रेस. पँट्रीचा डबा आहे, दिवसभर कोणी ना कोणी काहीतरी घेऊन फिरत असतं. कटलेट-ब्रेड, ऑम्लेट, भजी, सूप. माणसं या गाडीला ‘खादाडांची गाडी’ म्हणतात ते उगाच नाही. ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा त्याने खावं. माझ्या आईसारख्यांना हे बरं पडतं.

आमसूल
‘त्याने चप्पल शिवावी’ भिंतीवर लावण्यासारखं आहे.

माजी_चाकरमानी
मांडवीच्या कटलेटला माझं पूर्ण अनुमोदन. वंदे भारतचा उपमा माफ.

रुळावरचा
दोन गोष्टी राहिल्या होत्या, आणि दुसरी मलाच आत्ता कॅलेंडर बघताना सुचली.

पहिली: आगाऊ आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. पूर्वी एकशेवीस होतं, नोव्हेंबर २०२४ पासून साठ. म्हणजे २५ डिसेंबरची तिकिटं २६ ऑक्टोबरला सकाळी आठला सुटतील. आज ऑक्टोबरचा पहिला आठवडा आहे. त्या मुलाने ‘सीट कन्फर्म आहे, अॅडव्हान्स भरा’ असं म्हटलंय का?

दुसरी: यंदा २५ डिसेंबर शुक्रवारी येतो. मुंबई-मडगाव वंदे भारत शुक्रवारी नसते.

खेकडा_२२
!!!!!!!!

झारापकर
गाडीच नाय. ताऱ्यांच्या साक्षीन रुळावर बसा मगे.

सान_होजे_वासी
म्हणजे भोपळ्याचे चार तुकडेसुद्धा नाहीत.

रत्नांगी
रुळावरचा, तुम्हाला घरी बोलावून पुरणपोळी घालायला हवी. हो, ‘कन्फर्म’ म्हणाला होता आणि दहा हजार अॅडव्हान्स मागितला होता. नणंदेने जीपे उघडून ठेवलं होतं. तिला शुक्रवारचं सांगितलं, ती दोन मिनिटं काही बोललीच नाही. मग म्हणाली, तू हे आधी का नाही विचारलंस? जसं काही मीच पत्रक छापलंय.

आता घरातली गोष्ट सांगते, कारण काल रात्री एक वेगळंच निघालं.

आम्ही सगळे गाड्यांवर वाद घालत होतो तेव्हा सासऱ्यांना कोणी विचारलंच नव्हतं. काल जेवताना ते म्हणाले, ‘मला पानवलचा पूल वरनं बघायचाय.’ आम्ही म्हटलं, म्हणजे? तर त्यांची कथा अशी की नव्वदच्या दशकात कोकण रेल्वेचा तो पूल होत होता तेव्हा ते दर रविवारी राजदूत मोटारसायकल काढून तिकडे जायचे. एकटे. सासूबाईंना सांगायचे, माणसं भेटायला जातो. पुलाचा वरचा भाग एका टोकाला तयार करून हळूहळू दरीच्या पलीकडे ढकलत नेत होते, ते बघत खाली दगडावर बसायचे. ‘दिवसभर बघितलं तरी हललेला दिसायचा नाही. पण पुढच्या रविवारी गेलं की पुढच्या खांबावर आलेला असायचा.’ हे सांगताना त्यांनी आमटीची वाटी ताटाच्या कडेने बोटाने पुढे सरकवून दाखवली.

मग मी विचारलं, पण बाबा, तुम्ही गोव्याला तर कितीदा जाऊन आलात? तर म्हणाले, जाताना कोकणकन्येने पहाटेच्या काळोखात, आणि येतानाही ती रात्री जाते. पूल आला की नुसता आवाज बदलतो. दिसत काही नाही. सव्वीस-सत्तावीस वर्षांत एकदाही नाही.

सासूबाई एवढंच म्हणाल्या, ‘म्हणजे दर रविवारी पूल होता होय.’

रुळावरचा
हे वाचून अंगावर काटा आला. त्यांना सांगा, ते जे बघत होते ते या पद्धतीचं देशातलं पहिलं काम होतं. ६४ मीटर उंच, ४२४ मीटर लांब. कुतुबमिनार जेमतेम आठ-नऊ मीटरनेच वर राहील.

रत्नागिरी सोडल्यावर थोड्याच वेळात पूल येतो, त्यामुळे सामान लावण्यात वेळ घालवू नका, आधी खिडकी. निवसरच्या अलीकडे आहे. पूल संपला की बोगदे सुरू होतात, टिक्याचा तर चार किलोमीटरचा आहे. समुद्राची वाट मात्र बघू नका. पत्रकवाले ‘समुद्राला लगटून’ लिहितात, पण आपल्याकडे गाडी बहुतेक आतून, डोंगरातून जाते. पाणी दिसतं ते नद्यांचं आणि खाड्यांचं.

चिपळूणकरीण
मग मांडवीच. रत्नागिरीहून दुपारची निघते, पूल लख्ख उजेडात. एसीची काच धुरकट असते बऱ्याचदा, निदान एक-दोन तिकिटं स्लीपरची काढा, खिडकी उघडता येते. आणि साखरेच्या गोळ्या पर्समध्ये, बॅगेत नाही.

आमसूल
माझं उरलेलं अर्धं मतही बदललं. पण जाच.

रत्नांगी
ठरलं. मांडवीने रत्नागिरी ते कुडाळ. तिथे मावससासूबाई राहतात, त्या रात्री वडे-सागोती करणार आहेत, तळून लगेच ताटात (चिपळूणकरीण, तुमचं वाक्य त्यांना सांगितलं, फार हसल्या). दुसऱ्या दिवशी परत. सात जणांचा सगळा खर्च त्या पत्रकाच्या एका माणसाच्या पैशातही कदाचित होईल. उरलेल्यातून सासूबाईंना पैठणी घ्यायचं नणंदेने जाहीर केलंय, सगळे पैसे तिचे.

२६ तारखेला सकाळी आठला मी आणि नवरा दोन मोबाइल घेऊन बसणार.

रुळावरचा
खातं आधारला जोडून ठेवा, नाहीतर आठला नुसते बघत बसाल. आणि पावसाळी वेळापत्रक संपल्यावर मांडवीची वेळ परत तपासा.

झारापकर
कुडाळाक येताहास तर झारापाक खंय लांब हा? चाय घेवन जावा. डिनर म्हणतलंय नाय.

खेकडा_२२
सहल कंपनीवाल्याला काय सांगितलंत?

रत्नांगी
म्हटलं, शुक्रवारी गाडी नसते. तो म्हणाला, ‘मॅडम, तत्सम गाडी देऊ.’

सासरे आतून ओरडले, ‘त्याला विचार, कटलेट देतात का त्या तत्सम गाडीत.’